कमी खर्चात टर्बो गाडीचा पिकअप कसा वाढवायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

मी मेकॅनिक नाही, इंजिनिअर पण नाही. माझ्याकडं २०१४ ची डिझेल अर्टिगा आहे आणि तिच्यात जास्त ताकद आणायच्या नादात मी एकूण पंचवीस हजाराच्या आसपास घालवले, त्यातले अठरा हजार पार उलट्या क्रमानं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

झालं असं. मे महिन्यात गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात सात माणसं, डिकीत दोन फणस, एसी चालू, आणि गाडी चढच घेईना. तिसऱ्यात मरतीय, दुसरा टाकला की नुसता आवाज, मागनं एक अल्टोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. घरी आलो, चार रात्री व्हिडिओ बघितले आणि ठरवलं की रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, करायचा. एका मोठ्या शहरात जाऊन केला. लॅपटॉप लावला, चाळीस मिनिटं, अठरा हजार. येताना हायवेला वाटलं गाडी उडतीय, आता कळतंय ते पैसे दिल्यामुळं वाटत होतं. पंधरा दिवसांनी एमिशनला (पीयूसी, धुराची तपासणी) नेली तर फेल, रेस केली की मागं काळा ढग.

शेवटी ऑटोनगरातल्या एका जुन्या फिटर मामांकडं गेलो. त्यांनी स्कॅनर वगैरे काय काढला नाही, गाडीखाली हात घातला, इंटरकूलरकडं (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी पाईपच्या वाकणाला अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, ये, बघ. वरनं नवा दिसणारा पाईप आतल्या बाजूनं चार बोटं फाटलेला. इंजिन बंद असताना तो काप बंद बसायचा, टर्बोचं प्रेशर आलं की तोंड उघडायचा. बंपरच्या आतल्या बाजूला तेवढ्याच जागी काळ्या तेलाचा पट्टा उमटला होता, तो मला दोन वर्षं दिसला नव्हता. पाईप चौदाशे, मजुरी तीनशे. म्हणजे मी अठरा हजार देऊन डिझेल वाढवून घेतलं आणि ते जाळायला लागणारी हवा रस्त्यावर सोडत होतो, धूर नाही होणार तर काय. नंतर मूळ फाईल परत टाकून घेतली आणि त्याच कंपनीच्या सेटिंगवर, तेवढीच माणसं घेऊन, चोर्ला तिसऱ्यात चढलो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. काही स्टेप लांब आहेत, काही दोन ओळींच्या, कारण काही गोष्टींत खरंच एवढंच आहे.

१. आधी हे डोक्यात बसवा

इंजिनला जेवढी हवा मिळते तेवढंच इंधन नीट जळतं. टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन पंखे, एक सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरानं फिरतो, दुसरा त्याच दांड्यावर फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, म्हणून मधे इंटरकूलर. या साखळीत कुठंही गळती, चोंदलेपणा किंवा उष्णता आली की ताकद गेली.

दुसरं, पीएस (ताकद) आणि एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर) यातला गोंधळ. गणित सोपं आहे: टॉर्कचा एनएम आकडा गुणिले आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), भागिले ७०२४, आला पीएस. माझ्या अर्टिगाचं १२४८ सीसी इंजिन कागदावर ९० पीएस आहे, पण ते ४००० आरपीएमला. १७५० ला २०० एनएम म्हणजे त्या वेळी साधारण ५० पीएसच. घाटात आपण १७५० ते २५०० मधेच असतो, म्हणून तुम्हाला पाहिजे असतो तो तिथला टॉर्क. कुणी नुसता वरचा पीएसचा आकडा दाखवून पैसे मागत असेल तर त्याला १८०० ला काय मिळणार ते विचारा.

आणि एक गैरसमज आपल्याकडं लई आहे. "स्विफ्टमधे ७५ आणि अर्टिगात ९०, इंजिन तेच, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर बदललं की झालं." इंजिन फियाटचं तेच १.३ मल्टिजेट, होय की, पण टर्बोच वेगळा आहे. ९० वाल्यात व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो, म्हणजे आतली पाती हलतात, ७५ वाल्यात तशी हलणारी पाती नाहीत. ७५ ची ९० लॅपटॉपवर होत नाही. ताकद वाढेल, पण त्या लहान टर्बोची दमछाक करून.

२. काय काय लागेल

सगळं एकदम घेऊ नका, जशी स्टेप येईल तसं घ्या.

– ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारी डबी) आणि फोनवर एक ॲप. हजार-बाराशेचा चालतो, अगदी दोनशेवाला घेऊ नका, तो मधेच तुटतो.
– स्क्रू-ड्रायव्हर, १० आणि १२ चा पाना, टॉर्च, हातमोजे.
– एमएएफ क्लीनरचा स्प्रे. हाच, दुसरा नाही, का ते पुढं.
– प्लंबिंगच्या दुकानातनं पीव्हीसीची एंड कॅप, पंक्चरवाल्याकडनं ट्यूबलेसचा एक वॉल्व, दोन क्लिपा.
– साबणाचं पाणी आणि फवारणीची बाटली.
– एक वही. चेष्टा नाही, वहीच. ॲपमधला डेटा फोन बदलला की जातो.

कागदांत आरसी, इन्शुरन्सची पूर्ण पॉलिसी (पहिलं पान नव्हे, पूर्ण), एमिशन सर्टिफिकेट, सर्व्हिसची जुनी बिलं. वॉरंटी चालू असेल तर ते पुस्तक पण.

३. आज गाडी कुठं आहे ते मोजा

ओबीडीचं भोक स्टिअरिंगखाली असतं. स्कॅनर लावा, इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. ॲपमधे इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं प्रेशर, बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे त्यामुळं इथं हा आकडा ९२-९३ केपीएच्या (केपीए म्हणजे प्रेशरचं माप) आसपास दिसायला पाहिजे. पणजीत तीच गाडी १०१ दाखवेल. इथं उभ्या गाडीत १०५ किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचं सगळं मोजमाप वाया.

आता मोकळा, सरळ, थोडा चढ असलेला रस्ता शोधा. मी सकाळी सहाला जांबोटी रोडला जातो, ऊस सुरू झाला की मात्र तिकडं जाऊ नका, अंधारात विना-लाईटचा ट्रॅक्टर-ट्रॉली कधी समोर येईल सांगता येत नाही. शेजारी एक माणूस बसवा, फोन त्याच्या हातात द्या. तिसरा गियर, १५०० आरपीएम, पाय पूर्ण दाबा, ३००० पर्यंत जाऊ द्या, सोडा. तीनदा करा. २००० आणि २५०० ला प्रेशर किती ते वहीत लिहा, सोबत तारीख, किती माणसं, ऊन होतं की गारठा.

माझ्या गाडीत फाटक्या पाईपवर २५०० ला १६० च्या आसपास येत होतं, पाईप बदलल्यावर २१५. तुमचे आकडे वेगळे असतील, गाडीगाडीवर आहे, पण आधीचा आणि नंतरचा यातला फरक बघायचा.

इथं दोन फसगती आहेत. एक, हे साधे ॲप प्रेशरचा जो आकडा वाचतात तो २५५ च्या वर जातच नाही, तो आकडा तेवढ्याच जागेत बसवलेला असतो. काट्यानं २५५ ला जाऊन ठाण मांडलं तर गाडी तिथंच थांबली असं समजू नका. दोन, ॲप "बूस्ट" (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचं प्रेशर) म्हणून जो आकडा दाखवतं त्यात ते बऱ्याचदा समुद्रसपाटीचं हवेचं प्रेशर वजा करतं. आपल्याकडं ९२ वजा करायला पाहिजे. त्यामुळं बूस्ट बघू नका, सरळ मॅनिफोल्ड प्रेशरच लिहा.

एरर कोड पण वाचून ठेवा. पी०२९९ म्हणजे टर्बो कमी प्रेशर देतोय, पी०२३४ म्हणजे जास्त देतोय. कोड पुसायच्या आधी फोटो काढा, बरेच गॅरेजवाले आधी पुसतात आणि मग "काय नाही साहेब, ओके आहे" म्हणतात.

४. गळती शोधा, सगळ्यात जास्त वेळ इथंच घाला

एअर फिल्टरच्या डब्यातनं टर्बोकडं जाणारा पाईप टर्बोच्या तोंडाकडनं काढा. त्या तोंडावर पीव्हीसीची कॅप बसवा, कॅपला भोक पाडून ट्यूबलेसचा वॉल्व लावलेला, क्लिपनं घट्ट. इंजिनच्या ब्रीदरचा (आतली वाफ सोडणारा) पाईप या भागात येत असेल तर तो काढून त्याचं तोंड बंद करा, नायतर हवा क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनच्या ऑईलच्या भागात, शिरते आणि ऑईल सील बाहेर येते. मग वॉल्वमधनं हवा भरा, १० पीएसआय, त्याच्या वर नको. सगळे जोड, वाकणं, इंटरकूलरची दोन्ही टोकं यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडा आला तिथं गळती. थोडी फुसफुस इंजिनच्या आतनं, ऑईलच्या झाकणातनं ऐकू येते, ती चालते, वॉल्व उघडे असलेल्या सिलिंडरमधनं जाते.

मी पहिल्यांदा हे पंक्चरच्या दुकानात केलं आणि शहाणपणानं म्हटलं ४० मार. तो पोरगा हसला, "हिंग आगंगिल्ल री, पैप हारतद." असं चालत नाही, पाईप उडेल. आणि खरंच, १५ ला पण माझी कॅप सुटून बोनेटला आदळली. तुमचं तोंड कॅपच्या समोर धरू नका आणि रेग्युलेटर नसलेल्या कंप्रेसरला हात लावू नका.

हे सगळं करायचं नसेल तर निदान एवढं करा: बंपरखालचे पाईप हातानं दाबून, पिळून बघा, सांध्याला ओलं तेल आहे का बघा. पाईपच्या आत पातळ तेलाचा थर असणं जुन्या गाडीत नॉर्मल आहे, बाहेर असणं नॉर्मल नाही. आणि क्लिपा. जुन्या स्प्रिंगच्या क्लिपा सैल होतात, पन्नास-साठ रुपयाची स्क्रूवाली क्लिप लावली की कित्येकांचा "टर्बो गेला" बरा होतो. टर्बो गेलाय म्हणून पंचवीस-तीस हजाराचं कोटेशन कुणी दिलं तर आधी ही स्टेप करून घ्या.

व्हेरिएबल टर्बो असेल तर अजून एक. बऱ्याच गाड्यांत त्याची पाती व्हॅक्यूमवर चालणाऱ्या दांडीनं हलतात. बोनेट उघडून कुणाला तरी गाडी चालू करायला सांगा, दांडी ओढली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर परत आली पाहिजे. अडकत अडकत हलत असेल तर आत काजळी बसलीय. शहापूर ते टिळकवाडी एवढंच फिरणाऱ्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. पेन्सिलीएवढे व्हॅक्यूमचे पाईप पण बघा, उंदीर कुरतडतात. हे पाईप मीटरवर विकत मिळतात.

५. हवा, डिझेल, काजळी

एअर फिल्टर: खानापूर-नंदगडकडं लाल मातीत फिरणाऱ्यांनी कंपनीच्या किलोमीटरवर जाऊ नका, निम्म्यात बदला. धुवून परत लावणारे दिसतात, कागदी फिल्टर धुवायचा नसतो. तेल लावलेले महागडे फिल्टर मिळतात, मी घेतला होता, तेल जास्त झालं आणि ते एमएएफ सेन्सरवर बसलं, फायदा शून्य.

एमएएफ सेन्सर: फिल्टरच्या डब्यानंतर पाईपमधे असतो, आत येणारी हवा मोजतो. त्यावर धूळ बसली की तो हवा कमी सांगतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल कमी देतो, गाडी मेल्यासारखी. एमएएफ क्लीनर लांबनं मारा, बोट लावू नका, कापूस लावू नका, पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. कार्बोरेटर क्लीनर मारला तर सेन्सर जातो.

डिझेल फिल्टर: खाली पाणी काढायचा स्क्रू असतो तो पावसाळ्यानंतर उघडून पाणी काढा. फिल्टर चोंदला की वरच्या आरपीएमला गाडी आखडते.

ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व) आणि इनटेक मॅनिफोल्ड: लाखभर किलोमीटर झाले असतील तर उघडून साफ करून घ्या. माझ्यात डांबरासारखा थर निघाला, करंगळीच्या पेराएवढा. दीड दिवसाचं काम, नवी गॅस्केट घालायला लावा. ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतील, नको म्हणा, तो प्रदूषणासाठी आहे आणि काढणं बेकायदेशीर आहे.

इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीतला चिखल, किडे, उसाचं पाचट हलक्या पाण्यानं धुवा. वॉशिंगचा जेट जवळ धरला की जाळीच्या पात्या वाकतात.

फुकटची ताकद: टायरची हवा, रिकामा फिरणारा कॅरियर काढणं, आणि ब्रेक धरतोय का बघणं. पाच-सात किलोमीटर ब्रेक कमी वापरून चालवा, उतरून चारही चाकांजवळ हात न्या. एक चाक जास्त तापलंय तर ते तुमची ताकद खातंय.

इथंपर्यंत आल्यावर स्टेप ३ परत करा. दहातल्या सात जणांचं काम इथंच संपेल असं माझं मत आहे.

६. रिमॅपच्या आधी इंजिनची तब्येत

क्लच: चौथा गियर, १५०० आरपीएम, पाय पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय आणि गाडीचा वेग तसा चढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. अशा गाडीत टॉर्क वाढवणं म्हणजे आठवड्याभरात क्लच प्लेटचा खर्च.

इंजेक्टर: डिझेल पंपाचं काम करणाऱ्यांकडं रिटर्न टेस्ट करा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या डिझेलला चार बाटल्या लावतात, एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर संपलाय.

टर्बो: पाईप काढून पंख्याचा दांडा बोटानं हलवा. आडवा अगदी थोडा हलतो, तेवढं चालतं. पुढं-मागं खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली तर थांबा.

ऑईल: लहान टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो आणि तो नुसत्या ऑईलच्या थरावर तरंगत असतो. मॅन्युअलमधला ग्रेडच घाला. १.३ मल्टिजेटमधे टायमिंग चेन आहे, ऑईल उशिरा बदललं की ती सैल पडते, सकाळी चालू करताना खडखड ऐकू येते. घाट चढून वर आलात, चोर्ला असो की तिलारी, लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलला ठेवा, चहा काही पळून जात नाही.

७. फसव्या वस्तू

ओबीडीत खोचायची डबी, "३५ टक्के पॉवर वाढेल" असं लिहिलेली, पाचशे ते हजार. आत दोन-तीन दिवे लुकलुकतात, एवढंच. कॉलेजच्या पोरांनी घेऊ नये म्हणून मुद्दाम वेगळं लिहिलं.

ट्यूनिंग बॉक्स वेगळा, तो खरंच काम करतो, पण कसं ते बघा. तो रेल प्रेशरच्या (इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलच्या प्रेशरच्या) सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला खरं प्रेशर कमी करून सांगतो, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो. स्वस्तातला बॉक्स हे सगळ्या आरपीएमला सारखंच करतो आणि इंजेक्टर, पंप घाईला येतात. फायदा एकच, काढून ठेवता येतो.

मोठा सायलेन्सर लावून डिझेलमधे नुसता आवाज येतो. एपीएमसीजवळ रात्री अकराला आवाज करत फिरणाऱ्यांच्या गाड्या जोरात पळतात असा समज आहे, त्यांना कधीतरी चढावर बघा.

८. रिमॅप करायचाच असेल तर

रिमॅपमधे ईसीयूच्या आतली कोष्टकं बदलतात: किती बूस्ट, किती डिझेल, किती रेल प्रेशर, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा. चांगल्या अवस्थेतल्या टर्बो डिझेलमधे पंधरा ते पंचवीस टक्के वाढ ही समजूतदार अपेक्षा. पन्नास टक्के सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

पैसे द्यायच्या आधी हे विचारा, आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या:

– माझी मूळ फाईल आधी वाचून मला पेनड्राइव्हवर देणार का? (नाही म्हटलं तर विषय संपला. मी हे विचारलं नव्हतं, परत मिळवताना सहा फोन आणि एक खेप पडली.)
– फाईल माझ्या गाडीचा लॉग (चालताना नोंदलेले आकडे) बघून बनवणार की तयार टाकणार?
– आधी आणि नंतर डायनोवर (गाडीची ताकद मोजायचं मशीन) किंवा निदान रस्त्यावर लॉग दाखवणार?
– १५०० ते १८०० मधे टॉर्क एकदम वाढवणार की हळूहळू? एकदम वाढवला की गाडी मस्त झेपावते आणि क्लच, गिअरबॉक्स, कनेक्टिंग रॉड सगळ्यांना झटका बसतो.
– धुराची मर्यादा उघडी सोडणार नाही ना?
– फाईल टाकताना बॅटरीला चार्जर लावणार ना? मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू दगड होतो.

डायनो पुण्याला किंवा बंगळूरला मिळतो, आपण दोन्हींच्या मधे आहोत, दोन्हीकडं जाणं-येणं डिझेलसकट बजेटमधे धरा.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस६ गाडीत "डीपीएफ काढून देतो, मोकळी पळेल" हे सगळ्यात धोक्याचं आमिष. बेकायदेशीर तर आहेच, वर सेन्सर-सॉफ्टवेअरचे असे घोळ होतात की नंतर कुणी हात लावत नाही.

माझं मत विचाराल तर एक लाखाच्या पुढं गेलेल्या गाडीला रिमॅप करू नका, तो पैसा टायर आणि ब्रेकला घाला. मी परत केला नाही.

९. पेट्रोल टर्बोवाल्यांसाठी थोडं

फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय, नेक्सॉन वगैरे. क्रम तोच, गळती आधी. पेट्रोलमधे स्पार्क प्लग लवकर बदला आणि गॅप बरोबर ठेवा, जास्त बूस्टला ठिणगी विझते आणि गाडी गचके देते. तापलेल्या हवेत इंजिन नॉक करायला लागलं (पेट्रोल नको तसं पेटून टकटक) की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि ताकद कमी होते, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घालून दोन टाक्या चालवून बघा, उन्हाळ्यात फरक जाणवतो. साध्या विना-टर्बो गाडीत मात्र ते पैसे वाया. कमी आरपीएमला वरच्या गियरमधे पाय पूर्ण दाबायची सवय सोडा, लहान टर्बो पेट्रोलमधे त्यानंच पिस्टन फुटतात. आणि सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक) असेल तर तो गिअरबॉक्स २५० एनएमपर्यंतच बनवलेला आहे, फाईलवाल्याला हा आकडा आधी सांगा.

१०. कायदा आणि कागद

हे वाचून राग येईल पण वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ए प्रमाणं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वरच्या स्टेप ३ ते ६ मधलं सगळं दुरुस्ती आहे, त्याला कुणी काही म्हणत नाही. रिमॅप आणि ट्यूनिंग बॉक्स पाईप बदलण्यासारखे निरुपद्रवी नाहीत, हे समजून पुढचा निर्णय घ्या.

एमिशन: बीएस४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. रिमॅपनं धूर वाढला की इथंच अडकता.

इन्शुरन्स: बदल कळवला नाही आणि अपघात झाला तर क्लेम अडवायला कंपनीला आयतं कारण मिळतं. मी कळवलं नव्हतं, नशीब काही झालं नाही. वॉरंटीतल्या गाडीला तर हातच लावू नका, ईसीयू किती वेळा लिहिला गेला ते सर्व्हिस सेंटरला दिसतं.

अजून एक आपल्या भागापुरतं. चंदगडच्या नाहीतर कागलच्या पाव्हण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ (कोल्हापूरचा) नंबर घेऊन कायम बेळगावात फिरवणारे आहेत. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, कलम ४७. अशी गाडी चेकिंगला थांबवली की आधीच अर्धा तास जातो, त्यात वर काळा धूर मारणारी असेल तर मग बघायलाच नको.

११. काम झाल्यावर

पहिले हजार किलोमीटर आठवड्यातनं एकदा बोनेट उघडा. ऑईलची पातळी, पाईपच्या क्लिपा, कुठं नवीन ओलावा. नवीन पाईप तापून-गार होऊन बसतो, क्लिप एकदा परत आवळावी लागते, माझी वंटमुरी घाट चढताना निसटली होती आणि मी तिथंच छत्री धरून स्क्रू-ड्रायव्हर मारत होतो.

ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑईल बघा. गाडी वर चढायला लागली की खाली पण तेवढ्याच जोरात येते.

एमिशनला जायच्या आधी वीस-पंचवीस किलोमीटर तिसऱ्या-चौथ्यात थोडी ताणून चालवा, इंजिन पूर्ण तापलेलं असू दे. थंड गाडी घेऊन रांगेत अर्धा तास आयडलला उभं राहिलात तर चांगली गाडी पण धूर दाखवते.

आणि दर तीन महिन्यांनी तोच रस्ता, तोच गियर, तेवढीच माणसं, वही काढा. २५०० ला आकडा दहापेक्षा जास्तीनं खाली आला असेल तर साबणाचं पाणी घेऊन परत स्टेप ४.